'पोसतो' हा शब्द मागे घ्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. चाळ पाडून उभा राहिलेला टॉवर. एका विंगेत आम्ही जुने भाडेकरू, दुसरीत विक्रीचे फ्लॅट. मेंटेनन्सवरून सुरू झालेला विषय लाडक्या बहिणींवर गेला, तिथून रेशनवर आणि शेवटी आर्थर रोड तुरुंगातल्या कैद्यांवर. "टॅक्स आपण भरायचा आणि या सगळ्यांना पोसायचं," असे एक गृहस्थ म्हणाले. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. चहाचे कप गोळा करणाऱ्या ताई, ज्या आमच्याकडे धुणी-भांडी करतात, तिथेच उभ्या होत्या.

या ताईंबरोबर मी एकदा रेशन दुकानात गेलो होतो. भांड्यांच्या साबणाने अंगठ्याची कातडी सोललेली, त्यामुळे मशीनवर ठसा उमटेना. पदराला पुसायचा, पुन्हा टेकवायचा. पाचव्या वेळी जमले. माणशी ५ किलोप्रमाणे तिघांचे १५ किलो धान्य, आणि त्यासाठी दोन घरच्या कामांना खाडा. हे धान्य २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला त्यांचा हक्क आहे, कोणी घातलेली भीक नव्हे. आणि टॅक्स म्हणाल, तर मोबाइलच्या रिचार्जवर त्या १८ टक्के जीएसटी भरतात. तिसाव्या मजल्यावरचा माणूसही तेवढाच भरतो.

२०१९ च्या सप्टेंबरात कंपन्यांचा प्राप्तिकर ३० वरून २२ टक्क्यांवर आला. त्यापायी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, असे सरकारनेच तेव्हा सांगितले होते. त्या वर्षीच्या सभेत कोणी अवाक्षर काढले नाही. लांब कशाला, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ पासून माफ झाला, त्यात माझेही घर आले. मला आजवर कोणी फुकटा म्हटलेले नाही. मग महिना १५०० रुपये घेणाऱ्या बाईलाच का?

कैद्यांचे तर विचारूच नका. "तुरुंगात बिर्याणी खातात" हे वाक्य मुंबईत अजून फिरते. कसाबने बिर्याणी मागितलीच नव्हती, हे खुद्द उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये सांगूनही फिरते. देशातल्या तुरुंगांत चारांतले तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. त्यांतले कित्येक जामीन मंजूर होऊनही आत आहेत, कारण भरायला रक्कम नाही, उभा राहायला जामीनदार नाही. अशांसाठी ४० हजारांपर्यंतची रक्कम भरण्याची योजना केंद्राला २०२३ मध्ये आणावी लागली. सात रस्त्याकडे जाताना आर्थर रोड तुरुंगाबाहेर मुलाकातीसाठी कपड्यांच्या पिशव्या घेऊन ताटकळलेल्या बायका मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. त्यांच्या घरचा कमावता माणूस आत आहे. त्यांना कोण पोसते?

माझे वडील गिरणीत होते. ८२ च्या संपात आमची चूल गावाहून आलेल्या तांदळावर आणि वाण्याच्या उधारीवर चालली. त्या वाण्याने कधी चारचौघांत उधारी काढली नाही.

सभेत हे सगळे माझ्या जिभेवर आले होते, पण मी गप्प बसलो. ताई कप उचलून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नेहमीसारख्या कामावर आल्या, तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. म्हणून हे पत्र.

– एक गिरणी कामगाराचा मुलगा, करी रोड, मुंबई