भुरी खरवडू नका, पाणी शोधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस कमी, ऊन कडक, मग वॉटरप्रूफिंगवर खर्च कशाला? हे मी साइटवर नोकरीभर ऐकलं. याच समजुतीपायी कोरड्या हवेतली चांगली बांधकामं खराब होताना पाहवत नाहीत, म्हणून हे पत्र.

दमट हवेत ओल डोळ्यांना दिसते. कोरड्या हवेत गिलाव्याच्या बाहेर येता येताच पाणी उडून जातं, मागे क्षार उरतात. बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीवर, खालच्या बाजूला रंग फुगतो. बोटाने दाबला की पोपडा सुटतो आणि आत त्या क्षारांची पांढरी भुरी दिसते. हात लावावा तर भिंत कोरडी! मग पॉलिश पेपर, पुट्टी, रंग. आत पाणी मुरतंच आहे आणि सळई गंजतेच आहे.

पाऊस नसताना भुरी वाढत असेल तर आधी नळाची लाइन तपासा. रात्री टाकी भरल्यावर सगळे नळ बंद करून मीटरचं रीडिंग घ्या. सकाळी पाणी वापरण्याआधी ते पुढे गेलेलं दिसलं, तर पाणी कुठेतरी जातंय. रीडिंग तेच असलं तरी निर्धास्त राहू नका, बाथरूमच्या फरशीतून मुरणारं सांडपाणी मीटरला कळत नाही. त्यासाठी नहाणीचं तोंड बंद करून फरशीवर रंगीत पाणी भरून ठेवावं लागतं.

थर्मल कॅमेऱ्याचं सध्या फार कौतुक आहे. त्याला पाणी दिसत नाही, फक्त पृष्ठभागाचं तापमान दिसतं. गच्चीवर तो सूर्यास्तानंतर चालवावा, कारण भिजलेला भाग उशिरा निवतो. तरीही ओल मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरने खात्री केल्याशिवाय फोडाफोडीला होकार देऊ नका.

उन्हात गच्चीही हलते. १० मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांच्या फरकाने सुमारे ३ मिलिमीटर वाढतो. नुसता सिमेंटचा कडक लेप तिथे टिकत नाही, कठड्याच्या सांध्यात तो आधी फाटतो. लवचीक आणि पांढरा लेप घ्या, तोही ऊन उतरल्यावर. भर उन्हात वरची साय लगेच सुकते, आतली वाफ फोड आणते.

आणि कामाचं बिल देण्याआधी गच्चीवर ४८ तास पाणी साठवून खालचं छत बघाच. शेजारी पाण्याची एक बादली उघडी ठेवा. दोन्हीकडची पातळी साधारण सारखीच उतरली तर ते बाष्पीभवन. गच्चीवरची बरीच जास्त उतरली, तर काम पुन्हा करून घ्या.

— एक निवृत्त साइट इंजिनिअर