टाकळ्याला तण म्हणणाऱ्या मंत्री महोदयांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. गेल्या ऑगस्टात रानभाजी महोत्सवात आपण आमच्या बचत गटाच्या टेबलापाशी थांबलात, भारंगीची भाजी चाखलीत आणि माईकवरून दोन गोष्टी कबूल केल्यात. भाज्यांची प्रयोगशाळेत तपासणी करून देऊ आणि बाजारात बायकांना बसायला पक्के ओटे देऊ. पहिली टाळी मीच वाजवली होती.

आता जुलै संपत आला. ओटा नाही, तपासणीचा कागद नाही. गाडी मात्र आली, अतिक्रमणवाल्यांची. गेल्या मंगळवारी टाकळा, कुर्डू आणि फोडशी या रानभाज्यांच्या आमच्या जुड्या उचलून नेल्या. तीन बायकांची पहाटे चारपासूनची खुडणी होती ती. पावती फाडून टोपल्या सोडवल्या तेव्हा आतला पाला काळा पडला होता. तालुक्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं की कारकुनाची बदली होते, साहेब तिथेच राहतात.

त्या महोत्सवाचंही सांगते. जीपचं भाडं, तेल-मसाला, बॅनर धरून माझ्या खिशातले साडेचार हजार गेले. 'बिल द्या, पैसे मिळतील.' तीनदा दिलं. एकदा झेरॉक्स कमी, एकदा सही कमी, तिसऱ्यांदा देणाराच रजेवर. नवरा अजून टोमणे मारतो. वर, ऑगस्टात आमच्याकडे शेवळं मागितली गेली! साहेब, शेवळं पहिल्या पावसात येतात आणि आठ-पंधरा दिवसांत संपतात. महोत्सव आदिवासी दिनाला, ९ ऑगस्टला धरता, म्हणून शेवळं काही तोवर थांबून राहत नाहीत.

तपासणीचा हट्ट का, तेही ऐका. आमची आजी गजकर्णावर टाकळ्याचा पाला वाटून लावायची. आम्ही हसायचो. माझी मुलगी मायक्रोबायॉलॉजी शिकते, ती म्हणाली, हसू नकोस, टाकळ्यात क्रायसोफॅनॉलसारखी अँथ्राक्विनोन द्रव्यं असतात आणि ती गजकर्णाच्या बुरशीला आवरतात. तिनं कॉलेजात जंतू वाढवलेल्या थाळीवर पाल्याच्या अर्कात भिजवलेली कागदाची टिकली ठेवली. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती नखाएवढं स्वच्छ वर्तुळ, तिथे जंतू वाढलेच नव्हते. डीपीपीएच नावाचं एक जांभळं द्रावण असतं. त्यात अंबाडीचा अर्क पडला की रंग उतरून पिवळट होतो, म्हणजे अर्कात अँटिऑक्सिडंट आहेत. मी तर नाचायचीच बाकी होते. तिनंच बजावलं, थाळीतला जंतू थांबला म्हणजे पोटातला थांबला असं नाही, आई.

मग तुम्ही भाषणात रानभाजी खा आणि कॅन्सर पळवा असं कशाच्या जोरावर सांगितलंत? आम्हाला चमत्कार नको, साधी माहिती हवी. शेवळ्यात कॅल्शियम ऑक्सलेटच्या सुया असतात, काकडाच्या झाडाची फळं किंवा चिंच न घालता केली तर घसा धरतो. असं गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. कुठली भाजी किती उकळायची, कुठलीचं पाणी ओतायचं, कुठलीचं ओतलं तर क जीवनसत्त्वही मोरीत जातं, एवढं एका कागदावर शिक्क्यासकट लिहून मिळालं असतं तर जुडीला पाच रुपये जास्त आले असते.

पण शिक्का द्यायचा कुणाला? तुमच्या खात्याच्या लेखी कुर्डू, टाकळा, घोळ, केना ही सगळी तणं. ऑगस्टात महोत्सव, बाकीचे अकरा महिने तणनाशक. माळाला फार्महाउसवाल्यांचं तारेचं कुंपण. जंगलात जावं तर गार्ड टोपली उलटी करून बघतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाचा, म्हणजे लाकूड सोडून जंगलातल्या पाल्या-फळांचा, हक्क लिहिला आहे म्हणतात, तो कायदा त्याच्यापर्यंत पोचायला जीप मिळाली नसेल. तोच शेवग्याचा पाला बाटलीत शिरला की मॉलमध्ये सुपरफूड, आमच्या टोपलीत असला की अतिक्रमण.

आणि तुमचीच आकडेवारी काय सांगते? २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या शंभर बायकांत चोपन्न जणींना रक्त कमी. पाच वर्षांखालच्या पोरांत शंभरात अडुसष्ट की एकोणसत्तर. आमच्या पाड्यावर कुणी मोजलं तर जास्तच भरतील. पोरांना गोळ्या वाटता, पोरं त्या गटारात टाकतात, मी डोळ्यांनी बघते. तांदुळजा अंगणवाडीच्या कुंपणाशी फुकट उगवतो, पण त्याचं टेंडर निघत नाही ना.

ओट्याचं आणि तपासणीचं काय ते लेखी कळवा. साडेचार हजार बुडाले असं मी धरूनच चालले आहे. जुड्या उचलणाऱ्यांना निदान एवढं तरी शिकवा, की टाकळा ताज्या पाण्याच्या शिंतोड्यावर ठेवावा, गाडीच्या टपावर नाही.

आपली,
बचत गटाची सचिव

ता. क. महोत्सवात तुमच्या पीएंनी करटुल्यांच्या भाजीचा डबा 'साहेबांसाठी' म्हणून गाडीत ठेवून घेतला होता. स्टीलचा, तीन कप्प्यांचा, झाकणावर माझं माहेरचं नाव कोरलेलं आहे. तेवढा परत पाठवावा.