काका, तुमच्यामुळे माझा संध्याकाळचा क्लास परत लयीत आला

काका, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. शिवाय आपल्या दांडिया बाजारात काय, अख्ख्या बडोद्यात काय, घरी बसून कॉम्प्युटरवर काम करणारे आणि शिकवणारे आता खूप जण आहेत, त्यातल्या कुणाला माझ्यासारखाच मध्येच नेट अडकायचा त्रास होत असेल तर तुमची पद्धत त्यांनाही कळावी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी ऑनलाइन गाणं शिकवते, मुली पुण्यातल्या, न्यू जर्सीतल्या, कुठल्या कुठल्या आहेत. क्लास सुरू झाला की थोडा वेळ सगळं छान आणि मग एकदम आवाज अडकायचा, दोन सेकंद काहीच नाही आणि मग सगळं एकदम धडाधड यायचं. परत दहा मिनिटं ठीक, परत तेच. आणि दिवसा मात्र काही म्हणजे काही नाही, पिक्चर लावा, गाणी ऐका, मस्त चालतंय. कंपनीचा माणूस यायचा तो दुपारी, स्पीड टेस्ट लावायचा, "बेन, स्पीड तो बराबर आवे छे" म्हणायचा आणि निघून जायचा. एकदा राउटर बदलून दिला, तरी तेच. मग घरातले आणि ओळखीचे सगळे म्हणायला लागले की कॉम्प्युटर जुना झालाय, नवीन घे.

बोलण्याच्या मीटिंगमध्ये असं झालं तर माणूस "परत सांगा" म्हणतो आणि पुढे जातो. गाण्यात तसं चालत नाही हो. भूप रागातली प वरून ग वर येणारी मींड घ्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत येणं, ती अखंडच यायला हवी, मध्ये चिमूटभर आवाज गळला तर पोरीला दोन सुटे स्वर ऐकू येतात आणि ती तेच गाऊन दाखवते, तिचा काय दोष? आणि लय. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांचा धरला तर एक मात्रा पाव सेकंदाची, म्हणजे २५० मिलिसेकंद, आणि लॅग, म्हणजे आवाज पोचायला होणारा उशीर, ३००-४०० चा आला की माझं "थांब" तिला पोचेपर्यंत ती सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, ओलांडून पुढे गेलेली असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत फोनवरच्या बोलण्यासाठी एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांपर्यंत ठीक धरलाय, हेही तुम्हीच मला सांगितलंत. १८८६ साली ज्या गावात सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, जिथे फैयाज खाँसाहेब दरबारी गायक होते, त्या गावात बसून मी असं तुटकं गाणं शिकवतेय याचं मला खरंच फार वाईट वाटायचं, एकदोनदा क्लास संपल्यावर रडलेसुद्धा.

तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही लगेच कॉम्प्युटर उघडायला बसला नाहीत, आधी विचारलंत की कधी होतं, तेव्हा घरात काय काय चालू असतं, आणि म्हणालात आत्ता बघून उपयोग नाही, मी क्लासच्या वेळीच येतो. टेलिफोन खात्यात आयुष्य काढलेला माणूसच असं म्हणू शकतो! बाकी सगळे बिघाड नसताना बघायला आले, तुम्ही बिघाड असताना आलात. माझ्या मते अर्धं काम तिथेच झालं.

मग तुम्ही कॉम्प्युटरवर कमांड लिहायच्या दोन काळ्या खिडक्या उघडल्यात. पिंग म्हणजे एक छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघणं. एकीत तो पिंग लावला घरातल्या राउटरला, १९२.१६८.१.१, दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, दोन्हींच्या पुढे मायनस टी म्हणजे थांबवेपर्यंत चालत राहतं. आणि मला म्हणालात, तू गा, मी आकडे बघतो. राउटरचा आकडा १, २, १, ३ मिलिसेकंद असा चालला होता आणि मग एकदम ४१०, ७८०, मग रिक्वेस्ट टाइम्ड आउट, म्हणजे उत्तरच नाही. तुम्ही बोट दाखवून म्हणालात, "हा बघ, घरातल्या घरातच अडकतंय, बाहेर जायच्या आधीच." तोपर्यंत आम्ही सगळे कंपनीच्या नावाने खडे फोडत होतो. राउटरपर्यंतच उशीर असेल तर दोष घरात, राउटर स्वच्छ आणि फक्त पुढचा आकडा उडत असेल तर लाइन नाहीतर बाहेर, हे एवढं साधं कुणी आम्हाला सांगितलंच नव्हतं, आणि स्पीड म्हणजे किती माल येतो आणि पिंग म्हणजे किती वेळात येतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेसुद्धा.

पुढचं मी कधी विसरणार नाही. तुम्ही टेबलाखाली वाकून सीपीयूच्या मागे टॉर्च मारलात आणि विचारलंत, ही हार्ड डिस्क कधी लावतेस? मी म्हटलं क्लासच्या वेळी, रेकॉर्डिंग थेट तिच्यावर जातं, नंतर काढून कपाटात ठेवते. तुम्ही ती काढलीत, आकडे खाली, १, २, २. परत लावून रेकॉर्डिंग सुरू केलंत, थोड्या वेळात परत ४००, ६००. परत काढलीत, परत १, २. न्यू जर्सीची पोरगी तिकडून विचारतेय, ताई काय चाललंय, आवाज एकदम साफ येतोय!

निळ्या पोर्टमध्ये यूएसबी ३.० ची डिस्क आणि तिला चिकटून वायफायचा तो बोटभर डोंगल, ज्यावरून माझा कॉम्प्युटर राउटरला जोडलेला होता. ३.० वर डेटा पळायला लागला की केबल आणि कनेक्टरमधून जो रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि आपला डोंगल तिथेच ऐकत बसलेला असतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढलाय म्हणालात. दारात वरातीचा बँड वाजत असताना घरात कुणी हळू बोललं तर ऐकू येईल का, असं तुम्ही समजावलंत आणि मला ते लगेच पटलं. म्हणूनच ते दुपारी सापडत नव्हतं, दुपारी डिस्क कपाटात!

त्या दिवशी तुम्ही तुमच्या पिशवीतली यूएसबी एक्स्टेंशन वायर लावून डोंगल लांब टेबलावर आणून ठेवलात, तेवढ्यानेच क्लास पार पडला. नंतर स्वतः बाजारातून लॅन केबल आणून हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत दाराच्या चौकटीवरून पट्टीत बसवून दिलीत, आमच्या या जुन्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय मागच्या खोलीत धड पोचत नाही हे बघून. शिडी धरायला मी होते, पण खिळे तुम्ही मारलेत, या वयात.

एवढं करून तुम्ही थांबला नाहीत. केबल लावल्यावरही रात्री आठच्या सुमारास आकडा जरा उडतोय, पण आता फक्त ८.८.८.८ चा, राउटर शांत, हे तुमच्याच लक्षात आलं. यांचा फोन घरी आल्या आल्या दिवसभराचे फोटो-व्हिडिओ वर चढवायला लागायचा, अपलोड भरला की राउटरमध्ये रांग लागते आणि माझा आवाजही त्या रांगेत उभा. त्याला बफरब्लोट म्हणतात. बॅकअप रात्री उशिराचा करून दिलात, विषय संपला.

काका, नवीन कॉम्प्युटरचे पैसे वाचले हे तर आहेच, पण त्याहून मोठं म्हणजे दोन मुली क्लास सोडायचं म्हणत होत्या, त्या राहिल्या. एकीच्या आईने तर मला मेसेज केला की तुमच्या त्या काकांना आमचा नमस्कार सांगा, तो इथेच पोचवते. पैशांचं विचारलं तेव्हा तुम्ही रागावलात, तर परत विचारत नाही. पण आता बिल्डिंगमध्ये कुणाचं नेट अडकलं की मी त्यांना आधी त्या दोन खिडक्या उघडून देते आणि हे कुणी शिकवलं तेही सांगते, त्याला तुम्ही नाही म्हणू शकत नाही.

तुमची एक्स्टेंशन वायर आणि टॉर्च माझ्याकडेच राहिलाय, रविवारी सकाळी आणून देते. काकूंना लीलो चिवडा आवडतो ना, तोही आणते, घरी असा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची गाणंवाली