अस्सल म्हणून विकलेल्या बनावट 'टेलेफँग' कार्ट्रिजबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बनावट कार्ट्रिज परत घेऊन संपूर्ण रक्कम मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरील 'केइताई देंजू टेलेफँग, पॉवर व्हर्जन, गेम बॉय कलर, अस्सल जपानी, वापरलेले' हे वर्णन वाचून मी गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राचे हे कार्ट्रिज मागवले. प्रत्यक्षात मला 'पोकेमॉन डायमंड' असे लेबल चिकटवलेले कार्ट्रिज मिळाले.

'टेलेफँग' हा खेळ स्माइलसॉफ्टने 2000 साली फक्त जपानमध्ये, जपानी भाषेत काढला आणि पोकेमॉनशी त्याचा काडीचाही संबंध नाही. त्याच्या पॉवर व स्पीड या आवृत्त्यांच्या मोडक्या इंग्रजीतल्या चोरट्या नकला अनुक्रमे 'डायमंड' आणि 'जेड' या नावांनी विकल्या गेल्या, हे जुन्या खेळांचाच व्यापार करणाऱ्या आपल्या कंपनीला ठाऊक नसावे, हे पटत नाही. खरा 'पोकेमॉन डायमंड' तर 2006 साली निन्टेंडो डीएस या नंतरच्या यंत्रावर आला. गेम बॉयच्या कार्ट्रिजवर ते नाव दिसताच शंका यायला हवी होती.

त्याहून खटकले ते आपल्या प्रतिनिधीचे उत्तर. खेळ सुरू होतो, शिवाय इंग्रजीत असल्याने सोयीचाच आहे, म्हणून तो सदोष नाही, असे त्यांचे म्हणणे. सुरू होतो हे खरे; परंतु सेव्ह केलेला खेळ यंत्र बंद करताच नाहीसा होतो. या खेळात लढाईत हार पत्करलेला देंजू (खेळातला काल्पनिक प्राणी) मर्जी बसल्यास आपला फोन क्रमांक देतो आणि पुढच्या लढाईत त्याला फोन करून मदतीला बोलवायचे असते. लांबच्या देंजूला पोहोचायला वेळ लागतो, म्हणून कोणाला केव्हा बोलवायचे यातच सारी गंमत आहे. जमवलेले क्रमांकच पुसले जात असतील, तर खेळायला उरते काय? इंग्रजीचे म्हणाल, तर ते संवाद वाचून पुढे कुठे जायचे हेही उमगत नाही. मला जपानी थोडेफार येते, म्हणूनच अस्सल प्रत मागवली होती.

अर्धी रक्कम घेऊन कार्ट्रिज ठेवून घेण्याचा आपला प्रस्ताव मला मान्य नाही. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 नुसार बनावट अथवा जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. तरी आपण स्वखर्चाने कार्ट्रिज परत न्यावे, टपाल खर्चासह संपूर्ण रक्कम द्यावी आणि ती जाहिरात काढून टाकावी. मुदतीत तसे न झाल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन.

सोबत पावती, जाहिरातीची प्रत आणि कार्ट्रिजच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे जोडली आहेत.

आपला,
एक ग्राहक