तक्त्यात वजनाचाही रकाना हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पुरवणीत अल्पाइन ए ११० या फ्रेंच स्पोर्ट्स कारवर आलेला लेख मी दोनदा वाचला. लेखकाचा सूर असा की, एवढ्या नावाजलेल्या गाडीला चाळीस वर्षांनी पुन्हा जन्म द्यायचा आणि तिच्यात एखाद्या हॅचबॅकमध्ये शोभेल असे चार सिलिंडरचे इंजिन बसवायचे, म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. म्हण चांगली आहे, पण ती चुकीच्या गाडीला लावली गेली आहे. लेखासोबतच्या तक्त्यात इंजिनची क्षमता, अश्वशक्ती, टॉर्क, कमाल वेग आणि चाकांचा व्याससुद्धा दिला होता. वजन मात्र कुठेच नव्हते. मी उमेदीची बरीच वर्षे पुण्याजवळच्या एका वाहन कारखान्याच्या आरेखन विभागात सुट्या भागांची वजने मोजण्यात घालवली असल्यामुळे ही उणीव मला जरा जास्तच टोचली असेल, हे कबूल करतो. तरीही ज्या गाडीचा सगळा जीव वजनात आहे, तिची ओळख वजन गाळून करून देणे म्हणजे मल्लाची माहिती देताना त्याचा गट न सांगण्यासारखे आहे.

तो आकडा असा आहे. मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेल्या या गाडीचे वजन सुमारे ११०० किलो होते, आणि आसनांच्या पाठीमागे आडव्या बसवलेल्या तिच्या १.८ लिटरच्या टर्बो इंजिनची ताकद २५२ अश्वशक्ती होती. त्याच सुमारास बाजारात असलेल्या पोर्शे ७१८ केमनची ताकद ३०० अश्वशक्ती आणि वजन १३३५ किलो. भागाकार केला तर दोघींच्या वाट्याला दर टनामागे सव्वादोनशेच्या आसपास अश्वशक्ती येते, म्हणजे ज्या ४८ अश्वशक्तीची उणीव लेखकाला खुपली, ती अल्पाइनने मुळात गरजच कमी करून भरून काढली आहे. शिवाय पोर्शेनेही २०१६ साली त्या गाडीतले सहा सिलिंडरचे इंजिन काढून चारचेच बसवले होते, याचा लेखात उल्लेख असता तर बरे झाले असते.

आता वारशाविषयी. चार सिलिंडर ही पुनर्जन्मात झालेली काटकसर आहे, हा लेखाचा गृहीत मुद्दाच मुळात टिकत नाही. नॉर्मंडीतल्या दिएप या बंदरगावात जाँ रेदेले यांचा रेनॉ गाड्या विकण्याचा व्यवसाय होता. रेनॉच्या इवल्याशा ४ सीव्ही गाडीतून त्यांनी आल्प्सच्या घाटांतल्या शर्यती गाजवल्या आणि त्या रस्त्यांची आठवण म्हणून १९५५ साली काढलेल्या कंपनीला अल्पाइन हे नाव दिले. त्यांच्या पदरी ना मोठा कारखाना होता, ना स्वतःचे इंजिन. रेनॉच्या घरगुती गाड्यांचे चार सिलिंडरचे इंजिन घ्यायचे, मधोमध कण्यासारखी पोलादी चासी ठेवायची, तिच्यावर फायबर ग्लासची बॉडी चढवायची, ही त्यांची रीत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली मूळ ए ११० याच रीतीने घडली. तिचे इंजिन एका लिटरपेक्षाही लहान आकारापासून सुरू होऊन पुढे १.६ आणि १.८ लिटरपर्यंत वाढत गेले, पण सिलिंडर चारच राहिले. याच गाडीने १९७१ ची माँटे कार्लो रॅली ओव्ह अँडरसन यांच्या हातून जिंकली. १९७३ साली जागतिक रॅली अजिंक्यपद सुरू झाले, तेव्हा त्याची अगदी पहिली फेरी असलेल्या माँटे कार्लोत पहिले तिन्ही क्रमांक तिनेच पटकावले आणि वर्षअखेर उत्पादकांचे पहिले विजेतेपदही दिएपला गेले. बर्फाळ, वळणावळणाच्या रस्त्यांवर अधिक ताकदीच्या गाड्यांना तिने मागे टाकले ते हलक्या अंगाच्या जोरावर.

लेखकाला सहा सिलिंडरची अल्पाइन आठवते, त्यांची आठवण खोटी नाही. ए ११० च्या पुढच्या पिढ्यांत व्ही ६ इंजिने आलीच, आणि त्या परंपरेतली शेवटची ए ६१० तयार होणे १९९५ मध्ये बंद पडून अल्पाइन हे नावच अडगळीत गेले. २०१२ मध्ये रेनॉने ब्रिटनमधल्या कॅटरहॅम या स्पोर्ट्स कार कंपनीबरोबर भागीदारी करून हे नाव पुन्हा वर काढायचे ठरवले. दोन वर्षांत ती भागीदारी मोडली आणि पुढचे काम रेनॉने एकट्याने तडीस नेले. त्या टप्प्यावर कोणत्या अल्पाइनला जिवंत करायचे, असा प्रश्न त्यांच्यापुढे असणार. त्यांनी व्ही ६ ची वाट न धरता दिएपच्या त्या जुन्या, किडकिडीत गाडीची वाट धरली, आणि माझ्या मते या साऱ्या उपक्रमातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच होता. दोन आतल्या गोल दिव्यांचा तो ओळखीचा चेहरा कोणालाही काढता आला असता.

वजन वाढते कसे, हे कारखान्याबाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. इंजिन मोठे घेतले की ते पेलायला बैठक जाड लागते. गाडी जड झाली की थांबवायला मोठे ब्रेक लागतात. मोठ्या ब्रेकसाठी मोठी चाके, मोठ्या चाकांसाठी दणकट सस्पेन्शन, आणि हे सगळे ओढायला पुन्हा अधिक ताकदीचे इंजिन. हे चक्र उलटेही फिरते, पण उलटे फिरवायला चिकाटी लागते. आमच्या विभागात एका नव्या गाडीचे काम चालू असताना हवेच्या नळ्या धरून ठेवणारी एक पोलादी पट्टी मी तराजूवर ठेवली, तर ती ठरल्यापेक्षा चारशे ग्रॅम जास्त भरली. मी ती परत पाठवली, तेव्हा एका वरिष्ठांनी सगळ्यांसमोर विचारले, “चारशे ग्रॅमने असे काय आभाळ कोसळणार आहे?” त्या गाडीत अशा पट्ट्या किती होत्या, हे त्यांना मी मोजून दाखवले; तरी पट्टी होती तशीच गेली, आणि गाडी अखेर ठरल्यापेक्षा जवळपास पासष्ट किलो जड होऊन बाहेर पडली.

अल्पाइनच्या अभियंत्यांनी असा प्रत्येक ग्रॅम अडवलेला दिसतो. चासी आणि बॉडी जवळजवळ सगळी ॲल्युमिनियमची, चिकटवून आणि रिव्हेट मारून जोडलेली. मागच्या ब्रेकच्या कॅलिपरमध्येच, म्हणजे तबकडीला चिमटा घेणाऱ्या भागातच, विजेवर चालणारा पार्किंग ब्रेक बसवून त्यांनी अडीच किलो वाचवले. साबेल्ट कंपनीचे एक आसन १३.१ किलोचे, म्हणजे आपल्या घरातल्या भरल्या गॅस सिलिंडरच्या निम्म्याहूनही कमी. चाके १७ आणि १८ इंचांची, पुढचे टायर केवळ २०५ मिलिमीटर रुंद. आजकाल आपल्याकडच्या मध्यम एसयूव्हीसुद्धा यापेक्षा रुंद टायर मिरवतात. गाडीला वेगात रस्त्यावर दाबून धरणारा मागचा पंख नाही, कारण ते काम व्हावे म्हणून गाडीचे पोट सपाट ठेवून मागे हवेला मोकळी वाट दिली आहे. अंगापेक्षा बोंगा मोठा, हा आजच्या बहुतेक स्पोर्ट्स गाड्यांचा रोग तिला लागलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे फ्रान्समध्ये रुआँला गेलो असताना या गाडीत बसण्याचा योग आला. जावयाच्या एका सहकाऱ्याकडे सुरुवातीच्या तुकडीतली निळी ए ११० होती आणि एका रविवारी त्यांनी मला मुख्य रस्ता टाळून शेतांमधल्या वाटेने दिएपपर्यंत नेले. मी आधी आसन थोडे उंच होते का पाहू लागलो, तेव्हा त्यांनी हसून सांगितले की, ते कमी-जास्त करायला पाना लागतो. आसनाखालचे बोल्ट सोडवून ते वरच्या भोकांत बसवावे लागते. विजेची मोटर, दांडी, दाते असा सगळा संसारच तिथून काढून टाकलेला. माझ्यासारख्या माणसाला त्या क्षणी झालेला आनंद कोणाला सांगूनही पटणार नाही. गावात शिरताना दगडी फरसबंदी लागली, तेव्हा मी दात आवळून बसलो होतो, पण गाडीने ते खडबडीत अंतर आपल्याकडच्या कितीतरी सेदानपेक्षा सौम्यपणे पार केले. वजन कमी असल्याने स्प्रिंगा मऊ ठेवता येतात. मऊ स्प्रिंगांमुळे वळणावर गाडी थोडी कलते, पण चारही चाकांना दोन-दोन विशबोनांचे, म्हणजे चाक वरून आणि खालून धरणाऱ्या दुबेळक्यासारख्या दांड्यांचे, सस्पेन्शन असल्यामुळे बॉडी कलली तरी टायर रस्त्यावर सरळ टेकलेले राहतात. मॅकलॅरेन एफ १ या स्पोर्ट्स कारचे जनक गॉर्डन मरे यांनी स्वतःसाठी ए ११० घेतली आणि आपल्या टी.५० या गाडीच्या चालीसाठी ती नमुना म्हणून समोर ठेवली, यामागचे कारण त्या फरसबंदीवर मला कळले.

उणिवा नाहीत असे नाही, आणि लेखकाच्या काही तक्रारींशी मी सहमतही आहे. सात गिअरच्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या ड्युअल क्लच पेटीखेरीज दुसरा पर्यायच न देणे मलाही रुचलेले नाही. हाताने गिअर बदलणे ज्या गाडीत सर्वाधिक शोभले असते, तिच्यातच ते नाही. स्टिअरिंगमागची रेडिओची दांडी रेनॉच्या साध्या गाड्यांतून जशीच्या तशी आणलेली आहे, आणि पोर्शेच्या पंक्तीतली किंमत मोजणाऱ्या माणसाला ती खटकणारच. पुढची आणि मागची अशा दोन्ही डिकी मिळून सामानाला दोनशे लिटरही जागा नाही. आणि आवाज. टर्बो बसवलेले चार सिलिंडरचे इंजिन कितीही रियाज केला तरी सहा सिलिंडरसारखे गात नाही, हे मान्य करावेच लागेल. पोर्शेलाही ग्राहकांच्या या कुरबुरी ऐकाव्या लागल्या आणि पुढे केमनच्या महागड्या आवृत्तीत चार लिटरचे सहा सिलिंडर इंजिन परत आणावे लागले. मात्र त्या सुरेल आवाजासाठी दीडशे-दोनशे किलो अंगावर घ्यायचे का, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. त्याला वारशाशी द्रोह म्हणता येत नाही.

ही गाडी भारतात मिळत नाही, तेव्हा एवढा काथ्याकूट कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्मची आठवण करून द्यावीशी वाटते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या त्या दोन आसनी, उघड्या गाडीत रेनॉचेच १.२ लिटरचे चार सिलिंडर इंजिन होते, ताकद साठ अश्वशक्तीच्या घरात होती आणि बॉडी फायबरची होती. म्हणजे रेदेले यांची रीत, अगदी पायरीपायरीने, आपल्या कोकण किनाऱ्यावर येऊन पोहोचली होती. “एवढीशी ताकद?” म्हणून तेव्हाही तिची थट्टा झाली, आणि थट्टा करणाऱ्यांनी तेव्हाही वजन विचारले नव्हते. ज्यांनी साडेसहाशे किलोंच्या आसपासची जुनी मारुती ८०० कधी वरंध घाटात मनसोक्त चालवली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते अधिक सांगायला नको.

हा मुद्दा आता आणखी निकडीचा झाला आहे, कारण कंपनीने जाहीर केल्याप्रमाणे पेट्रोलवरच्या ए ११० ची जागा विजेवर चालणारी गाडी घेणार आहे. २०२२ मध्ये त्यांनी ए ११० च्याच अंगात बॅटऱ्या भरून एक प्रायोगिक गाडी तयार केली होती. तिचे वजन १३७८ किलो भरले, म्हणजे मूळ गाडीपेक्षा अडीचशे किलोंहून अधिक. विजेच्या गाडीसाठी हा आकडा वाईट मुळीच नाही. पण येणाऱ्या गाडीची ताकद दुप्पट झाली तरी तिला ए ११० म्हणायचे की नाही, हे मी ताकदीवरून न ठरवता तराजूवरून ठरवीन, आणि आपल्या वाचकांनाही तसे ठरवता यावे यासाठी हे पत्र लिहीत आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे की, यापुढे पुरवणीतल्या प्रत्येक गाडीच्या तक्त्यात वजनाचा रकाना असावा. मग ती गाडी स्पोर्ट्स कार असो की सात आसनी कौटुंबिक गाडी. आणि तो भरताना आपल्या प्रतिनिधीने कंपनीला एक प्रश्न अवश्य विचारावा. काही कंपन्या तेल, पाणी, पेट्रोल यांपैकी काहीच नसलेल्या गाडीचे कोरडे वजन छापतात. अल्फा रोमिओच्या ४ सी चे ८९५ किलो हे गाजलेले वजन तसेच होते, आणि त्यामुळे ती होती त्याहूनही हलकी वाटत असे. आमच्या विभागात, टाकी भरलेली होती की रिकामी हे विचारल्याशिवाय वजनाचा आकडा कोणी कागदावर चढवत नसे.

आपला नम्र,
एक निवृत्त अभियंता,
चिंचवड, पुणे