तुझ्या त्या हॅमरबद्दल

डोंबिवली

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला. शेअरच्या भावाचा पाच मिनिटांचा चार्ट, म्हणजे दर पाच मिनिटांना एक कँडल, त्यावर तीन मूव्हिंग अ‍ॅव्हरेज (सरासरी भावाच्या रेषा), खाली आरएसआय (भावाचा जोर मोजणारा आकडा), त्याच्याही खाली आणखी काहीतरी. या गर्दीत एका कँडलभोवती गोल काढून तू विचारलंयस, "आई, हा हॅमर आहे ना? घेऊ का?" हॅमर आहे: वर छोटा ठोकळा, खाली लांब शेपटी, पडलेला भाव आता वर वळणार असं मानतात तो आकार. घेऊ नकोस. का ते फोनवर सांगायला लागले की तुझी मीटिंग सुरू होते, म्हणून लिहायला बसले.

सब-ब्रोकरच्या ऑफिसात टर्मिनलवर सौदे टाकण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे चार्ट पाहिले त्याहून जास्त मी चार्ट पाहणारी माणसं पाहिली. समोरच्या खुर्चीत बसून "ताई, हा इथून उसळणारच" म्हणणाऱ्यांना पॅटर्नची नावं तोंडपाठ असायची, आणि कालचा बंद भाव काय होता विचारलं की गप्प. म्हणून नावं जरा बाजूला ठेव. एका कँडलमध्ये काय सांगितलेलं असतं आणि काय राहून जातं, ते आधी बघू.

कँडलमध्ये आकडे चारच: पहिला सौदा कितीला, सगळ्यात वरचा, सगळ्यात खालचा आणि शेवटचा. जाड भाग म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या भावातलं अंतर. वरखालच्या बारीक रेषा, ज्यांना तुम्ही विक म्हणता, त्या म्हणजे भाव जिथवर जाऊन परत फिरला ती जागा. शेवट सुरुवातीच्या वर असेल तर हिरवी, खाली असेल तर लाल. हे तुला येतं. आता ३ जून २०२४ ची निफ्टीची डेली कँडल काढ. शनिवारी संध्याकाळी लोकसभेचे एक्झिट पोल आले होते आणि सोमवारी निफ्टी ७३३ अंकांनी, म्हणजे सव्वातीन टक्के वर बंद झाला. सगळीकडे जल्लोष. आणि कँडल? लाल.

कारण शुक्रवारचा बंद २२,५३० होता, सोमवारी बाजार उघडलाच २३,३३७ ला आणि बंद झाला २३,२६३ ला. कँडलचा रंग फक्त त्या दिवसाच्या उघडण्याशी तुलना करतो, आदल्या दिवसाचं त्याला काही देणंघेणं नसतं. त्या दिवशी जे घडलं ते सगळं दोन कँडलींमधल्या आठशे अंकांच्या मोकळ्या जागेत घडलं, आणि तिथे काहीच काढलेलं नाही. सव्वानऊला घाईने उडी मारणाऱ्यांना "बाजार तीन टक्के वर" ही बातमी ऐकत तोटा पाहावा लागला.

दुसऱ्या दिवशी निकाल लागले. निफ्टी १,३७९ अंक, जवळपास सहा टक्के पडून २१,८८४ ला बंद झाला, मधे २१,२८१ पर्यंत जाऊन आला. आदल्या दिवशीच्या विक्रमी उच्चांकाला ब्रेकआऊट, म्हणजे जुनी पातळी मोडून भाव वर निघाला, असं समजून शिरलेले त्यात सापडले. घाबरून तळाशी विकणारेही सापडले, कारण ७ जूनला निफ्टी ३ जूनच्या बंद भावाच्याही वर होता. त्या आठवड्याच्या पाच कँडली कागदावर काढून बघ आणि त्यातली कुठली कशाचा इशारा देत होती ते मला सांग. मागे वळून पाहिलं की सगळंच दिसतं, हा चार्टचा मोठा चकवा आहे.

आता तुझा हॅमर. आपला बाजार सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे ३७५ मिनिटं. पाच मिनिटांच्या चार्टवर एका शेअरच्या रोज ७५ कँडली. तू दहा शेअर पाहतेस, म्हणजे साडेसातशे. त्यात हॅमर दिसला नाही तरच नवल. डेली चार्टवर महिन्यात वीस-बावीस कँडली असतात आणि एकेका कँडलीमागे सबंध दिवसभराचे सौदे असतात, म्हणून तिथल्या आकाराला थोडं वजन येतं. त्यातही बाजार चालू असताना आजची कँडल वाचू नये, ती अजून पुरी व्हायची असते. अडीच वाजता सुरेख दिसणारा हॅमर साडेतीनला नुसता लाल ठोकळा झालेला मी ढिगाने पाहिलाय. शिवाय एनएसईवर बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे. शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची सरासरी काढतात, जास्त शेअरांच्या सौद्याला जास्त वजन देऊन. साडेतीनला स्क्रीनवर दिसलेला भाव आणि संध्याकाळच्या चार्टवरचा बंद यांत फरक दिसला तर अ‍ॅप बिघडलं समजू नकोस.

सपोर्ट-रेझिस्टन्सच्या, म्हणजे भाव खाली जिथे टेकतो आणि वर जिथे अडतो त्या, रेषा तू पट्टीने ओढल्यासारख्या पैशापैशात ओढल्या आहेस. त्या तशा नसतात. रेझिस्टन्स म्हणजे काय ते मी चार्टवर नंतर पाहिलं, आधी फोनवर ऐकलं. एखादा शेअर २४० ला लोकांनी भरपूर घेतलेला असायचा आणि मग तो १८० ला यायचा. त्यानंतर वर्षभर फोन यायचे: "ताई, २४० आले की काढून टाका, माझं मुद्दल सुटू दे." कुणी २३८ म्हणायचं, कुणी "पाच रुपये तरी सुटू देत" म्हणून २४५. भाव २३५ च्या पुढे सरकला की या सगळ्या विक्रीच्या ऑर्डरी पुढ्यात, आणि शेअर तिथे अडकायचा. म्हणजे तो पट्टा होता, तीन-चार टक्के जाडीचा, आणि त्यात माणसं उभी होती. सपोर्टचंही तसंच, फक्त तिथे "मागच्या वेळी १८० ला घ्यायचा राहिला" असं हळहळणारे असतात. अडकलेले सगळे विकून मोकळे झाले की पट्ट्याचा जोर संपतो. म्हणून तोच भाव चौथ्यांदा, पाचव्यांदा गाठला जातो तेव्हा "किती भक्कम रेझिस्टन्स" असं म्हणण्याआधी मी थांबते. तिथले विकणारे कदाचित संपत आलेले असतील.

हे ओळखायचं तर भावाच्या खाली असलेले व्हॉल्यूमचे, म्हणजे किती शेअरांचे सौदे झाले त्याचे, खांब बघायला हवेत, आणि नेमके तेच तू आरएसआयला जागा व्हावी म्हणून काढून टाकलेस! आरएसआय, मूव्हिंग अ‍ॅव्हरेज, एमएसीडी हे सगळे त्याच बंद भावांवरून काढलेले हिशेब आहेत. पाच लावलेस तरी माहिती एकच. व्हॉल्यूम मात्र वेगळी गोष्ट सांगतो. एनएसई रोज संध्याकाळी डिलिव्हरीची टक्केवारीही देते, म्हणजे त्या दिवशीच्या सौद्यांतले किती शेअर खरोखर कुणीतरी घरी नेले. भाव चढला, व्हॉल्यूम मोठा, पण डिलिव्हरी नेहमीपेक्षा बरीच कमी, असं दिसलं तर ती बहुतेक दिवसभराची धावपळ असते.

काही छोट्या शेअरांच्या चार्टवर तुला कँडलीच दिसणार नाहीत, नुसत्या आडव्या रेघा एकीवर एक चढत गेलेल्या. ते अप्पर सर्किट. एका दिवसात भाव किती हलू शकतो याला शेअरागणिक २, ५, १० किंवा २० टक्क्यांची मर्यादा असते, भाव उघडताच तिथे चिकटतो आणि विकायला कुणी येत नाही. चित्र फार मोहक दिसतं. उतरताना अशाच रेघा खाली येतात आणि तेव्हा घ्यायला कुणी नसतं, स्टॉप लॉस, म्हणजे भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की आपोआप विकायची ऑर्डर, लावलेला असला तरी. असल्या चार्टवर हॅमर शोधू नकोस, आणि टेलिग्रामवर कुणी तो पाठवला असेल तर मुळीच नाही.

चार्ट कधीकधी खोटंही बोलतो, किंवा आपण त्याला बोलायला लावतो. २८ ऑक्टोबर २०२४ ला रिलायन्स अडीच हजारांच्या वरून एकदम तेराशेच्या घरात आला. पडला नव्हता, एकाला एक बोनस होता, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक फुकट, आणि भाव निम्मा. चांगली अ‍ॅप मागचे भाव निम्मे करून घेतात, पण एखाद्यात ती सोय बंद असली की सरळ कडा कोसळल्यासारखा दिसतो. मोठ्या काळाचा चार्ट पाहताना लॉग स्केल लावत जा, त्यात सारख्या टक्क्यांची हालचाल सारख्याच उंचीची दिसते. २८ एप्रिल १९९२ ला, हर्षद मेहताचं प्रकरण बाहेर आलं त्या दिवसांत, सेन्सेक्स ५७० अंकांनी पडला होता, पावणेतेरा टक्के. साध्या स्केलवर आज तो भाग तळाशी सपाट दिसतो, जणू काही झालंच नाही. आणि हल्ली सेन्सेक्स ५७० अंकांनी हलला तर बातमीच्या मथळ्यातही येत नाही. नेहमी टक्क्यांत विचार कर.

आणि जे चार्टमध्ये असूच शकत नाही ते वेगळंच. १९ सप्टेंबर २०१८ च्या रात्री चार्ट पाहून येस बँकेचा सपोर्ट ३०० च्या आसपास धरणारे पुष्कळ होते. रिझर्व्ह बँकेने येस बँकेचे तेव्हाचे प्रमुख राणा कपूर यांची मुदत कमी केल्याची बातमी आली, दुसऱ्या दिवशी मोहरमची सुट्टी, आणि २१ तारखेला शेअर एका दिवसात सुमारे २९ टक्के पडला. एफ अँड ओमधल्या, म्हणजे ज्यांचे फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे होतात त्या, शेअरांना ठरावीक सर्किट नसतं, म्हणून एवढा पडू शकला. त्यानंतर ज्याने त्याने नवा सपोर्ट शोधून "आता स्वस्त झाला" म्हणत घेतला. मार्च २०२० मध्ये बँकेवर निर्बंध आले, तेव्हा एका दिवसासाठी का होईना, भाव एक आकडी झाला.

मग चार्ट पाहायचाच कशाला? माझं उत्तर एवढंच आहे: आपलं चुकलं हे कुठल्या भावाला मान्य करायचं, ते आधी ठरवायला चार्टइतकं सोयीचं काही नाही. समज, शेअर २५० ला आहे आणि २४० च्या खाली बंद झाला तर तुझा अंदाज फसला असं चार्टवरून दिसतं. तुझ्याकडे एक लाख आहेत आणि एका सौद्यात हजाराहून जास्त घालवायचे नाहीत असं ठरव. शेअरमागे दहा रुपयांची जोखीम, म्हणजे शंभर शेअर, पंचवीस हजारांचे. किती घ्यायचे ते असं निघतं. तू आधी "पन्नास हजारांचे घेते" म्हणतेस आणि मग स्टॉप लॉस कुठे बसवायचा ते शोधतेस. हा हिशेब उलटा आहे. आणि गॅपने, म्हणजे मधले भाव सोडून एकदम खाली, उघडलं तर स्टॉप लॉस ठरलेल्या भावाला सुटत नाही, हेही धरून चाल.

तुझा तो क्लास लावायचा विचार चाललाय ना, तीन दिवसांत चार्ट मास्टर वगैरे? २०२३ च्या ऑक्टोबरात शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने "बाप ऑफ चार्ट" नावाने कोर्स विकणाऱ्या गृहस्थांवर आदेश काढला, तो शोधून वाच. १७ कोटी २० लाख रुपये जमा करायला लावले. वाचण्यासारखा भाग पुढेच आहे: लोकांना नफ्याची हमी देणाऱ्या या माणसाचा स्वतःचा ट्रेडिंगमधला तोटा जवळपास तीन कोटी निघाला. जुलै २०२४ मध्ये सेबीनेच सांगितलं की रोखीच्या बाजारात इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेणं आणि विकणं, करणाऱ्या दहांपैकी सात जणांना २०२२-२३ मध्ये तोटा झाला. तिशीच्या आतल्यांत हे प्रमाण ७६ टक्के. तू सव्वीसची आहेस.

क्लासच्या फीमध्ये एक जाड वही येईल. घरबसल्या करायचं काम सांगते. तुला माहीत असलेला एक मोठा शेअर घे, डेली चार्ट दोन वर्षं मागे ने आणि पुढचा भाग झाक. एकेक कँडल पुढे सरकव. दर वेळी आधी लिही: घेशील का, कितीला, कुठे चुकलं म्हणशील, किती शेअर. मग पुढची कँडल उघड. इंडिकेटर एकही नको, फक्त भाव आणि व्हॉल्यूम. साठ-सत्तर सौदे झाले की ब्रोकरेज आणि एसटीटी (सौद्यावरचा कर) वजा करून बेरीज मार. डिलिव्हरीत घेताना ०.१ टक्का आणि विकतानाही ०.१ टक्का एसटीटी जातो, तो विसरू नकोस. गणपतीला येशील तेव्हा वही घेऊन ये, आरती झाल्यावर बसू. मोदकाच्या पिठाचं मी बघते.

तोवर एफ अँड ओ चालू करण्याचा फॉर्म भरू नकोस. उत्पन्नाचा पुरावा लागतो म्हणून तू बाबांकडून रिटर्नची पीडीएफ मागवलीस, ते त्यांनी मला सांगितलंय. पीडीएफ पाठवायची नाही असं मी त्यांना बजावलं आहे.

तुझी,
आई