ड्रायरच्या नळीचे काम नक्की कोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात कपडे वाळवण्याचा ड्रायर बसतो तेव्हा विजेची जोडणी वायरमन करतो, आणि ड्रायर गॅसवर चालणारा असेल तर गॅसची जोडणीही त्या कामाचा जाणकारच करतो. यंत्रातली गरम, दमट हवा घराबाहेर नेणारी नळी, म्हणजेच व्हेंट, मात्र जो हाताशी असेल तो बसवून टाकतो. कधी यंत्र पोहोचवायला आलेला मुलगा, कधी गवंडी, कधी घरमालक स्वतः. या कामासाठी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र सक्तीचे असावे, आणि ते प्रमाणपत्र लेखी परीक्षेवर नव्हे तर प्रत्यक्ष मोजमापावर मिळावे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. वातानुकूलनाच्या डक्टची कामे करून घेण्यात माझी नोकरीची सारी वर्षे गेली असल्यामुळे या विषयाकडे मी जरा अधिक चिकित्सक नजरेने पाहतो, हे आधीच कबूल करतो.

मागे भाच्याच्या नव्या घरी गेलो होतो. कपडे वाळायला दोन-दोन तास लागतात, यंत्रच खराब निघाले, अशी त्याची तक्रार होती. ड्रायर पुढे ओढून पाहिले तर मागची पन्नीची लवचीक नळी यंत्र आणि भिंत यांच्यामध्ये दबून पापडासारखी चपटी झालेली होती. भिंतीच्या आतली पत्र्याची नळी खोलली, तेव्हा प्रत्येक सांध्यावर चांगले इंचभर लांबीचे स्क्रू आत घुसलेले दिसले आणि त्या प्रत्येक टोकावर कपड्यांच्या तंतूंचा ओलसर, करडा गोळा अडकलेला होता. बाहेरच्या तोंडाला पक्षी येऊ नयेत म्हणून बारीक जाळी ठोकली होती. तिच्यावर तर नमद्यासारखा थर जमला होता. यंत्र अगदी ठणठणीत होते. बसवणाऱ्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मशीन फिरतंय ना? मग आमचं काम झालं."

त्या माणसाला दोष देण्यात फारसा अर्थ नाही, कारण त्याला हे कोणी शिकवलेच नव्हते. कपड्यांच्या एका घाण्यातून साधारण दोन लिटर पाणी वाफ होऊन या नळीतून बाहेर पडते आणि तिच्याबरोबर लिंट, म्हणजे सुटलेले बारीक तंतू जातात. हवेचा वेग कमी झाला की हे तंतू वाटेतच बसतात, त्यामुळे वाट आणखी अरुंद होते, यंत्र जास्त वेळ तापते आणि कोरडे लिंट पेटायला तर निमित्तच पुरते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 या वर्षांचा आढावा घेतला, तेव्हा तिथल्या घरांमध्ये ड्रायरमुळे वर्षाला सुमारे 2,900 आगी लागत असल्याचे आढळले आणि त्यांतील 34 टक्के आगींमागे सफाई न होणे हे कारण होते. गॅसच्या ड्रायरमध्ये आणखी एक धोका असतो: नळी तुंबली की कार्बन मोनॉक्साइड घरातच मागे येऊ शकतो, आणि त्याला वासही नसतो.

नियम नाहीत असेही नाही. अमेरिकेतल्या निवासी बांधकाम संहितेत हे सारे आकड्यांत लिहिलेले आहे. नळी चार इंच व्यासाची, धातूची आणि आतून गुळगुळीत असावी. स्क्रूचे टोक आत एक-अष्टमांश इंचापेक्षा जास्त येऊ नये, सांध्याची आत जाणारी बाजू हवेच्या दिशेने असावी, बाहेरच्या तोंडाला जाळी नसावी आणि उलटी हवा अडवणारी झडप असावी. लवचीक नळी एकच तुकडा, आठ फुटांपर्यंत, आणि ती भिंतीत झाकायची नाही. लांबीची मर्यादा 35 फूट, पण काटकोनातल्या प्रत्येक साध्या एल्बोमागे, म्हणजे नळीच्या वळणाच्या तुकड्यामागे, त्यातून पाच फूट वजा करायचे. इथेच बहुतेक कारागीर चुकतात. भाच्याच्या घरची नळी टेपने मोजली तर 22 फूट भरली, म्हणजे दिसायला सगळे नियमात. पण तीन एल्बो धरले की हिशेब 37 फुटांवर जातो.

प्रमाणपत्रेही आहेत. अमेरिकेतील चिमणी (धुराडे) सुरक्षा संस्था ड्रायरच्या नळ्यांचे काम करणाऱ्या तंत्रज्ञांना प्रमाणपत्र देते, पण ते घेणारे बहुतेक जण सफाईच्या धंद्यातले असतात. म्हणजे जाणकार माणूस घरात येतो तो नळी तुंबल्यावर. भिंत बंद होण्यापूर्वी तिथे असायला हवा होता, तेव्हा तो नसतो. प्रशिक्षणाचा भर बसवणाऱ्यावर हवा, असे माझे म्हणणे त्यासाठीच आहे. उमेदवाराने नकाशावरून लांबीचा हिशेब करावा, नळी रचावी, सांधे कापडी टेपने नव्हे तर धातूच्या पन्नीच्या टेपने बंद करावेत, आणि शेवटी ड्रायर चालू ठेवून मॅनोमीटरने नळीतला दाब मोजून तो उत्पादकाने पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत आहे हे परीक्षकाला दाखवावे. नुसत्या पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत पास झालेला माणूस इंचभर स्क्रू ठोकणार नाही, याची खात्री मला वाटत नाही.

दमट हवा बाहेर न सोडता आतच फिरवणाऱ्या हीट पंपाच्या ड्रायरला अशी नळी लागतच नाही, मग एवढा खटाटोप कशाला, असे काही वाचक विचारतील. आक्षेप रास्त आहे. परंतु भिंतीत गाडलेल्या जुन्या नळ्या त्यामुळे नाहीशा होत नाहीत, आणि यंत्र बदलले तरी नवा ड्रायर बहुधा त्याच नळीला जोडला जातो.

शिवाय काम संपल्यावर लांबी, एल्बोंची संख्या आणि पहिल्या दिवशीचा दाब लिहिलेली पट्टी यंत्रामागच्या भिंतीवर लावणे बसवणाऱ्यावर बंधनकारक करावे, म्हणजे पुढे सफाईला येणाऱ्याला तुलना करता येईल. भाच्याच्या घरी नळीची वाट बदलून एक एल्बो कमी केला. आता कपडे तासाभराच्या आत वाळतात. पट्टी मीच मार्करने लिहून चिकटवली: 19 फूट, दोन एल्बो, हिशेबाने 29. दाबाची जागा मात्र रिकामीच आहे, कारण मॅनोमीटर घेऊन येणारा कारागीर आम्हाला अजून मिळालेला नाही.

आपला,
एक निवृत्त डक्ट पर्यवेक्षक